पो-चूनं पाठवलेला निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या विद्यालयाचे प्राचार्य रेव्हरंड सो, व्यासपीठावर विराजमान असलेले नियामक मंडळाचे सदस्य, ठिकठिकाणच्या चर्चच्या मंडळ्यांमधून आलेले पाळक आणि एल्डर, सर्व अध्यापक, आजी-माजी विद्यार्थी, बंदरावरून सकाळची पहिली बस पकडून आलेले पाहुणे, चहाची किटली हातातच घेऊन दारात उभ्या राहिलेल्या स्वयंपाकघरातल्या ताई, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो त्या कांग ले-हुई बाई, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव खू थिएन-होक. समोरच्या गल्लीत ओंग-या महाराजांचं देऊळ आहे, तिथला मी राखणदार. एकोणचाळीस वर्षं झाली. तुम्हांला माझा चेहरा माहीत नसेल, पण आवाज नक्की माहीत असेल, कारण देवळाच्या भोंग्यावरून सूचना देणारा मीच. तुमच्या रविवारच्या उपासनेत माझा भोंगा जितक्या वेळा घुसला असेल, तितक्या वेळा आज सुरुवातीलाच क्षमा मागतो. प्राचार्यसाहेब हसतायत, म्हणजे एक-दोन वेळा तरी घुसलाच असणार.

पाळक घडवणाऱ्या ख्रिस्ती विद्यालयाच्या समारंभात देवळाच्या राखणदारानं बोलायचं, हे काही रोज घडत नाही. मी बाईंना म्हटलं, "अहो, तुमच्यात बोलणारे इतके विद्वान आहेत. मी काय सांगू?" बाई म्हणाल्या, "बावीस वर्षं तुम्ही मला प्रश्न विचारताय. मी जाते म्हटल्यावर एखादं उत्तर द्या की." आता उत्तर माझ्याकडे आहे का, ते मला माहीत नाही. पण घडलं ते मी जवळून पाहिलंय. ते सांगतो.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी नऊचा सुमार. मी अंगणात शेंगा सोलत बसलो होतो. फाटकातून एक बाई आत आल्या, मागे सात विद्यार्थी, सगळे बावरलेले. एका मुलीनं तर उंबऱ्याशी येऊन पाय वर उचलला आणि तसाच धरून ठेवला, आत टाकू की नको अशा विचारात. बाई सरळ माझ्यासमोर आल्या. म्हणाल्या, "मी समोरच्या विद्यालयात शिकवते. यांना तुमच्याकडे शिकायला आणलंय."

मी म्हटलं, "आम्हांला तुमच्याकडे न्यायला आलात का?"

"नाही."

"मग यांना इकडे सोडायला आलात का?"

"तेही नाही. शिकायला आणलंय."

"काय शिकायला?"

"ते मला अजून माहीत नाही," बाई म्हणाल्या.

मंडळी, खरं सांगतो, शिकवणारं माणूस 'मला माहीत नाही' म्हणतंय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी शाळेत फार काळ टिकलो नाही. जेवढा टिकलो तेवढ्यात मला भेटलेल्या प्रत्येक मास्तरला सगळं माहीत होतं. मला या बाईचं कुतूहल वाटलं. मी स्टूल पुढे सरकवलं आणि शेंगांची सुपली आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. म्हटलं, "बसा. आधी मला सांगा, पाळक व्हायला काय काय शिकावं लागतं? आमच्याकडे तर बापाच्या मागे उभं राहिलं की झालं."

मग त्यांनी शेंगा सोलता सोलता सांगितलं. पहिला विषय पवित्र शास्त्र. मी म्हटलं, म्हणजे पाठांतर. म्हणाल्या, नाही, ते कुणी लिहिलं, कधी लिहिलं, का लिहिलं, एकाच गोष्टीच्या दोन हकिगती का आहेत, हे सगळं उकरून पाहायचं. मी विचारलं, "आणि चूक सापडली तर?" म्हणाल्या, "सापडली तर तिच्यापाशीही बसायचं." दुसरा विषय मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास. त्यात म्हणे आपल्या आधीच्या लोकांनी केलेले अन्यायसुद्धा शिकवतात, परीक्षेला येतात. हे ऐकून मी शेंग सोलायचा थांबलो. आमच्या देवळाचा इतिहास भिंतीवर सोन्याच्या अक्षरांत आहे, त्यात आमच्या एकाही पूर्वजाचं काही चुकलेलं नाही. तिसरा विषय ईश्वरविज्ञान, म्हणजे देवाबद्दल नीट विचार कसा करायचा. चौथा समाज आणि न्याय. त्याचं मला थोडं माहीत होतं, कारण कारखान्याच्या फाटकावर कामगारांबरोबर धरणं धरून बसलेली तुमची मुलं मी भिजून परत येताना पाहिली होती. आणि पाचवा पाळकीय काळजी, म्हणजे आजारी माणसापाशी, मरणाऱ्या माणसापाशी कसं बसायचं.

"त्याची परीक्षा कशी घेता हो?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाईंनी सांगितलं, की विद्यार्थी दवाखान्यात जातो, आजाऱ्याशी बोलतो, आणि परत येऊन वहीत दोघांचं बोलणं जसंच्या तसं लिहून काढतो. आजारी काय म्हणाला, मी काय म्हणालो, कुठे गप्प बसलो, सगळं. मग वर्गात ते वाचतात. बहुतेक वेळा असं दिसतं, की आजारी माणूस एक बोलत होता आणि आपण भलतंच ऐकत होतो.

"आणि आमच्याकडे आणलंय तो कितवा?"

"सहावा. नवीन आहे. नाव ठेवलंय 'शेजाऱ्याचा धर्म'. मंडळानं नाइलाजानं होकार दिलाय."

मी अट घातली, पहिला महिना नुसतं अंगण झाडायचं, कुणी काही विचारायचं नाही. मुलांनी झाडलं. दुसऱ्या महिन्यात मी तोंड उघडायची परवानगी दिली आणि मला पश्चात्ताप झाला, इतके प्रश्न! कौल कसा लावता? उलटा पडला तर? म्हटलं, पुन्हा लावतो. किती वेळा? म्हटलं, महाराज हो म्हणेपर्यंत. यावर एक मुलगा गंभीरपणे म्हणाला, "आमच्या घरी प्रार्थनाही अशीच चालते." बाई इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

त्या सात जणांतली ती उंबऱ्याशी पाय उचलून थांबलेली मुलगी म्हणजे गान हुई-बिन. आज तिला तुम्ही पाळक गान म्हणून ओळखता. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, बंदरावरच्या पाहुण्यांबरोबर. पुढचं जे सांगणार आहे ते तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेऊन सांगतोय. तिचे वडील, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांतले एक, एल्डर गान इथेच माझ्या उजवीकडे बसले आहेत.

हुई-बिन तेव्हा एकतीस वर्षांची. दवाखान्यात औषधं देण्याची चांगली नोकरी सोडून आली होती. घर पाच पिढ्यांचं ख्रिस्ती. तिनं पाळक व्हावं याला वडिलांची ना नव्हती. ना होती ती या विद्यालयाला. त्यांचं म्हणणं, उत्तरेच्या जुन्या विद्यालयात जा, या भलत्या ठिकाणी नको, इथे शिकवतात की बिघडवतात तेच कळत नाही. ती इथेच आली. बापलेकीचं बोलणं बंद झालं. दोन वर्षं. त्याच गावात, त्याच मंडळीत, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते ठाऊक झालं होतं फक्त माझ्या पो-चूला.

पो-चू म्हणजे माझी बायको. ही मुलं देवळात यायला लागल्याच्या तिसऱ्या वर्षी तिच्या पोटातल्या आजारानं उचल खाल्ली आणि तिला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी नेण्यासारखं काही नाही. मी तिच्या खाटेशी बसून राहायचो आणि बोलायला काही सुचायचं नाही. भोंग्यावर तासभर बोलणारा माणूस मी! हुई-बिन मंगळवारी आणि शुक्रवारी यायची, तिच्या त्या पाचव्या विषयासाठी. ती आली की पो-चू उठून बसायची. दोघींचं काय काय चालायचं! एकदा ती पो-चूची नखं कापत होती. मी म्हटलं, "हे पण शिकवतात का?" पो-चू म्हणाली, "तुम्हांला तेहतीस वर्षांत कुणी शिकवलं नाही, तिला दोन महिन्यांत शिकवलं. चांगलंच विद्यालय दिसतंय."

तर असा एक पंधरावा दिवस आला. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पो-चू महाराजांपुढे उदबत्ती लावायची. लग्न होऊन आल्यापासून एकही चुकलेला नाही, थोरल्याच्या जन्माच्या आदल्या दिवशीसुद्धा नाही, आणि दवाखान्यात आल्यावरही ती मला धरून देवळात जाऊन यायची. त्या दिवशी तिला पाय उचलता येईना. मी म्हटलं, "मी जाऊन लावतो."

"तुम्ही नको," ती म्हणाली. "तुम्ही तिथले नोकर. नोकराचं कोण ऐकतं? शिवाय अर्ध्या वाटेत विसराल." मग हुई-बिनकडे वळून म्हणाली, "बाळ, तू जाशील का गं? मी सांगते ते महाराजांना सांगायचं. वहीत लिहून घे, तू जसं लिहितेस तसं."

हुई-बिनचा चेहरा मी पाहिला. तो मी विसरलेलो नाही. लहानपणापासून तिला एकच गोष्ट शिकवलेली, की त्या उदबत्तीला हात लावायचा नाही. तिच्या पणजोबांनी त्यासाठी गावाचा मार खाल्ला होता. आणि इथे खाटेवर ही पो-चू, जिचा जीव त्या उदबत्तीत अडकलाय. ती म्हणाली, "काकू, मला एक तास द्या." आणि तडक बाईंकडे गेली.

बाई, आता तुमचं काय झालं ते सांगतो. हुई-बिननंच मला नंतर सांगितलं. तिनं सगळं सांगून विचारलं, "मी काय करू?" तुम्ही म्हणालात, "मला माहीत नाही."

"बाई, तुम्ही शिकवता हा विषय!"

"म्हणून तर माहीत नाही. तू गेलीस तर काहीतरी मोडेल. नाही गेलीस तरी काहीतरी मोडेल. काय मोडलं तर तुला चालेल, ते मी कसं ठरवू? तू जे करशील ते मला येऊन सांग. मी तुझ्याबरोबर उभी राहीन."

तासाभरानं हुई-बिन परत खाटेशी आली. वही काढली. पो-चू सांगत गेली, ती लिहीत गेली. मला पो-चूनं बाहेर पिटाळलं होतं. "नवऱ्यानं ऐकायचं नसतं" म्हणाली.

दुपारी चारला हुई-बिन देवळात गेली. माझ्या जागी त्या दिवशी माझा धाकटा भाऊ होता. त्यानं सांगितलं, की तिनं विचारलं, "काकू किती वेळा वाकतात?" तो म्हणाला, "तीन." तिनं उदबत्ती लावली, तीन वेळा वाकली, वही उघडली आणि वाचलं. मोठ्यानं नाही, पण स्पष्ट. वही मिटली, उदबत्ती राखेत खोचली, आणि दवाखान्यात जाऊन पो-चूला म्हणाली, "काकू, सांगून आले." पो-चू त्या रात्री शांत झोपली.

आता आमच्या देवळासमोर कालवांचं घावन मिळतं ते तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्यातलेही बरेच जण तिथे असतात, नाही म्हणू नका. त्या दिवशीही कुणीतरी होतं. आठ दिवसांत मंडळीत बोभाटा झाला, की एल्डर गान यांची मुलगी मूर्तीपुढे उदबत्ती घेऊन वाकली. आणि नियामक मंडळाकडे लेखी तक्रार गेली. तक्रारीखाली पहिली सही एल्डर गान यांची होती.

मागणी दोन गोष्टींची होती. हुई-बिनला पाळकपणाची दीक्षा देऊ नये, आणि सहावा विषय बंद करावा.

मंडळानं चौकशी ठेवली आणि देवळातून साक्षीला कुणी यावं असा निरोप आला. मी घाबरलो. बाईंना म्हटलं, "मी सांगतो, ती वाकलीच नाही. नुसती उभी होती. माझ्या भावालाही तसंच सांगायला लावतो. कोण आलंय पाहायला?" बाई म्हणाल्या, "काका, ते एक सोडून काहीही सांगा. तुम्ही वाचवलंत, तरी तिला आयुष्यभर ते सांभाळत बसावं लागेल. तिनं केलं ते उघड्यावर केलंय. ते उघड्यावरच राहू द्या."

याच सभागृहात चौकशी झाली. तेव्हा पंखे जुने होते, आवाज करायचे. लांब टेबलामागे अकरा जण. मी कुणालाच ओळखत नव्हतो, सगळे सारखेच दिसले मला, काळे कोट, घड्या पडलेले चेहरे. एका कडेला बाई, मधोमध हुई-बिन. तिला विचारलं, "किती वेळा वाकलीस?"

"तीन."

"का?"

"काकू तीन वेळा वाकतात म्हणून."

"वाकताना मनात काय होतं?"

"काकूंचं काही विसरू नये, एवढंच."

"म्हणजे तू त्या देवाची प्रार्थना केलीस."

"मी काकूंचा निरोप पोचवला."

"कुणाला पोचवला?"

हुई-बिन म्हणाली, "ते मला माहीत नाही." मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती, पण मला वाटतं, त्यांना अभिमान वाटत होता.

एक जण म्हणाले, निरोप काय होता ते वहीत असेल, वाचून दाखव. हुई-बिननं नकार दिला. म्हणाली, आजारी माणसाचं बोलणं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाही, हे आम्हांला पहिल्याच तासाला शिकवलंय. त्यावर मी हात वर केला. कारण पो-चूनं सकाळीच मला सांगितलं होतं, "अडलं तर वाचू द्या. मी काही चोरी केलेली नाही." हुई-बिननं वही उघडली. एक ओळ वाचली. तिनं वही माझ्याकडे दिली.

मंडळी, त्या वहीत काय होतं ते मलाही माहीत नव्हतं. मी भोंग्यावरच्या सवयीनं खणखणीत वाचायला लागलो. आजही मला ते पाठ आहे.

"ओंग-या महाराज, मी पो-चू. आज पंधरावा. पाय चालत नाहीत म्हणून ही पोरगी पाठवली आहे. ती तुमच्यातली नाही, तिला त्रास देऊ नका. थोरल्याचा गुडघा अजून दुखतो, त्याच्याकडे बघा. पलीकडच्या टोपल्यावालीच्या सुनेला तिसरा महिना आहे, तिची ओकारी थांबवा. माझे हे दुपारचे जेवत नाहीत, माझ्यासमोर जेवलो म्हणून खोटं सांगतात, त्यांना जेवायला लावा. मला न्यायचं तर तळ्यांतली मासळी काढून झाल्यावर न्या, तोवर सगळे कामात असतात, खांदा द्यायला कोण येणार."

पुढे अजून थोडं होतं. मी वाचलं.

"आणि एक. या पोरीचा बाप दोन वर्षं तिच्याशी बोललेला नाही. तिनं मला सांगितलं नाही, मी ओळखलं. तो बाप तुमच्या हद्दीत येत नाही, हे मला माहीत आहे. पण हद्दीवरून हाक मारता आली तर मारा."

मी वही मिटली. मला कुणाचं तोंड पाहावं ते कळेना. मग टेबलाच्या टोकाचे एक गृहस्थ उठले, चष्मा काढला, आणि बाहेर गेले. माझ्या शेजारी उभ्या शिपायानं मला हळूच सांगितलं, "ते एल्डर गान."

निकाल? तुम्हांला वाटेल, सगळे विरघळले. तसं झालं नाही. सहा विरुद्ध चार असं मत पडलं. हुई-बिनची दीक्षा दोन वर्षं लांबवली. सहावा विषय बंद केला नाही, पण त्याचे गुण काढून घेतले. ज्याला शिकायचं त्यानं हौसेनं शिकावं, पदवीत तो मोजला जाणार नाही. आणि बाईंना विभागप्रमुखपद सोडावं लागलं. त्या पुन्हा साध्या अध्यापक झाल्या, खालच्या मजल्यावरच्या त्या ओल धरणाऱ्या खोलीत. पुढच्या वर्षी मी धास्तावूनच फाटकाकडे पाहत होतो. म्हटलं, गुण नाहीत, कोण येणार? त्या नऊ जणांना घेऊन आल्या. हातात झाडू त्यांनी घरूनच आणले होते. विषयाला गुण परत मिळायला सहा वर्षं लागली.

पण मी पुढे गेलो. चौकशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या फाटकाबाहेर एक गृहस्थ उभे. आत येत नाहीत, जातही नाहीत. हातात पेरूंची पिशवी. मी बाहेर गेलो.

"ते तुमच्या घरच्यांनी कधी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"पंधराव्याला."

"माझी मुलगी रोज येते तिथे?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी."

"जेवते कुठे?"

"माझ्याबरोबर. म्हणजे मी जेवलो तर."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "तुमच्या घरच्यांसाठी." आणि गेले.

शुक्रवारी ते दवाखान्याच्या खोलीच्या दारात उभे. पो-चूनं डोळे उघडले. "तुम्हीच का ते? मग आत या की. दारात उभं राहून वारा अडवताय." ते आत येऊन स्टुलावर बसले, टोपी मांडीवर. पो-चू म्हणाली, "तुमची मुलगी काय वाईट शिकते हो? माझी नखं बघा." आणि हात पुढे केला. एल्डर गान यांनी खरोखर तिची नखं पाहिली. दहाही बोटं त्यांनी नीट पाहिली.

दहा वाजता हुई-बिन आली. वडिलांना पाहून दारातच थबकली. एल्डर गान उठून उभे राहिले. दोन वर्षांनी बापलेक समोरासमोर. म्हणाले, "जेवलीस का?"

"हो. तुम्ही?"

"हो."

संपलं. पो-चू माझ्याकडे पाहून म्हणाली, "दोन वर्षं साठवून एवढंच?" आणि आम्ही चौघंही हसलो. हुई-बिन हसता हसता रडली, ते मात्र आम्ही पाहिलं नाही असं केलं.

पो-चू त्या चांद्र वर्षाच्या अकराव्या महिन्यात गेली. आमच्या अंगणात मांडव घातला होता. एल्डर गान आले. मांडवाच्या बाहेर, उन्हात उभे राहिले, टोपी हातात. भटजींचे मंत्र, घंटा, मृतासाठी जाळायच्या कागदाची आहुती, सगळं आटपायला दोन तास लागले. लोकांनी तीनदा बोलावलं, ते आत आले नाहीत. उदबत्ती घेतली नाही. मला वाईट वाटलं नाही, पो-चूलाही वाटलं नसतं. सगळं झालं, पाहुणे पांगले. मी आतून हात धुऊन बाहेर आलो तर एल्डर गान मांडवात होते. एकटेच. खुर्च्या मिटून एकावर एक ठेवत होते. पन्नास-साठ खुर्च्या असतील. मी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.

तेव्हापासून दर गुरुवारी ते फाटकाबाहेरच्या बाकावर येतात, मी चहा घेऊन बाहेर जातो. एकोणीस वर्षं झाली. वाद अजून मिटलेला नाही. ते म्हणतात, तिनं उदबत्ती घ्यायला नको होती. मी म्हणतो, मग माझ्या बायकोनं काय करायचं होतं? ते म्हणतात, ते मला सांगता येत नाही, पण उदबत्ती घ्यायला नको होती. मग मी शेंगा पुढे करतो. हुई-बिनच्या दीक्षेला मी पहिल्या रांगेत बसलो होतो, त्यांनीच जागा धरली होती. आज ती बंदरावर आहे. तिच्या प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत परदेशातून बोटींवर कामाला आलेली मुलं आपला नमाज पढतात, आणि त्यांच्यातला कुणी समुद्रात बुडाला तर त्याच्या आईला कळवायचं अवघड काम ती करते. त्यांच्यातले दोघं आज इथे आलेत. बाबांनो, तुमचं स्वागत.

लोक बाईंना विचारतात, इतक्या वर्षांत देवळातले किती जण ख्रिस्ती झाले? मी सांगतो, एकही नाही. आणि तुमच्यातला कुणी आमच्याकडे आला? तोही नाही. मग या सहाव्या विषयानं झालं काय? हे मी बाईंना कितीदा विचारलं असेल. त्या दरवेळी तेच म्हणतात. काय म्हणतात ते तुम्हांला आता सांगायला नको. पण मी एवढं पाहिलंय, की हे म्हणताना त्यांचे डोळे असे चमकतात, जणू कुणी खाऊ दिलाय. शहात्तर वर्षांच्या माझ्या आयुष्यात न कळण्याचा इतका आनंद झालेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. बाई, तुम्ही गेल्यावर माझ्या प्रश्नांचं काय करायचं, याची मला चिंता आहे. तुम्ही डोंगरातल्या बहिणीकडे राहायला जाताय. तिथेही कुठलं तरी फाटक असेल, त्याच्या आत कुणीतरी शेंगा सोलत बसलेलं असेल. त्याची मला आत्तापासून दया येते.

माझी पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली. प्राचार्यसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मी ते पाहिलं, आणि दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं. मला इथे बोलावल्याबद्दल विद्यालयाचे, मंडळाचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव चुकलं असेल, कुणाला लागेल असं काही निघून गेलं असेल, देवाधर्माच्या बाबतीत माझ्या अडाणी जिभेनं कुठे पाऊल चुकीचं टाकलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि जाता जाता एक. यानंतर एल्डर गान बोलणार आहेत. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतः प्राचार्यांकडे येऊन पाच मिनिटं मागून घेतली. बाईंच्या विरोधातल्या तक्रारीवर पहिली सही त्यांची होती, हे मी सांगितलंच. आज चौऱ्याऐंशीव्या वर्षी बाईंच्या निरोपाला त्यांना काय बोलायचंय, ते त्यांनी मुलीला सांगितलेलं नाही. परवा गुरुवारी मी चहावर खोदून खोदून विचारलं, मलाही सांगितलं नाही. मी बोलत होतो तेवढ्या वेळात त्यांनी हातातला कागद चार वेळा उघडून चार वेळा मिटला. आता तो त्यांनी कोटाच्या खिशात ठेवून दिलाय. म्हणजे न वाचताच बोलणार.

मला ते ऐकायचंय. म्हणून मी खाली बसतो. या, एल्डर गान. सावकाश, तिथे एक पायरी आहे.